नवी बॅटरी तीन दिवसांत उतरते, तेव्हा आधी काय मोजावे

नवी बॅटरी टाकूनही गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही आणि गॅरेजवाले अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा जनित्र) बदलायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. रोज चालवली की गाडी बिनतक्रार सुरू होते, हे आपलेच वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यामुळे माझा पहिला संशय उभ्या गाडीत होणाऱ्या विजेच्या गळतीवर आहे. तरीही चार्जिंग आधी तपासावे, कारण त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा साधारण 13.8 ते 14.5 असावा. काही नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) चार्जिंग मुद्दाम कमी करतो, म्हणून हेडलाइट लावून मोजावे. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू जळू शकतो.

गळतीसाठी निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि बॅटरीच्या टोकामध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरवर जोडावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबावे आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. सर्व यंत्रणा झोपल्यावर 50 मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ रिकामी होते. आपली तक्रार या हिशेबात बसते. मग मागाहून बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिम आधी सोडवावी, कारण त्यांच्या वायरी पुष्कळदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात आणि फ्यूज बॉक्समध्ये त्यांचा पत्ताच लागत नाही. त्यानंतर एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते पाहावे.

एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढावी, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि पुन्हा मोजावे. आता गळती थांबली तर अल्टरनेटरमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा प्रवाह सोडतो आहे. चार्जिंग 14 व्होल्ट दाखवत असतानाही हे घडू शकते, आणि तसे निघाले तर गॅरेजवाल्यांचा सल्ला योग्यच ठरेल.