दोन बुटक्या काकड्यांची लांब वेल

प्रश्न : काकडीच्या दोन वेगवेगळ्या बुटक्या वाणांचा मी संकर केला. दोन्ही वाणांच्या बियांतून आजवर बुटकीच रोपे मिळत आली आहेत. तरीही संकराची सगळी रोपे लांब वेलींची निघाली. परका पराग मिसळला असेल का? या रोपांचे बी पेरल्यास पुढे काय मिळेल?

उत्तर : मधमाश्यांमुळे काकडीत परका पराग मिसळण्याची शक्यता असतेच, परंतु सगळी रोपे एकसारखी लांब निघाली असतील, तर अधिक संभाव्य कारण वेगळे आहे. आपले दोन्ही वाण बुटके असले, तरी त्यांचा बुटकेपणा एकाच जनुकातून आलेला नसावा.

काकडीची वेल दोन अगदी निराळ्या कारणांनी आखूड राहते. पहिल्या प्रकारात शेंड्याची वाढच थांबते. एरवी शेंडा नवनवी पेरे काढत पुढे सरकत राहतो आणि फुले पानांच्या बगलेत येतात; मर्यादित वाढीच्या रोपात मात्र काही पेरांनंतर शेंड्यावरच फुले येतात आणि मुख्य खोड तिथे संपते. या गुणाच्या जनुकाला ‘डीई’ म्हणतात. ते सहाव्या गुणसूत्रावर असून, टोमॅटोची वाढ मर्यादित करणारे जनुक ज्या कुटुंबातले आहे त्याच कुटुंबातल्या जनुकाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. दुसऱ्या प्रकारात शेंडा वाढत राहतो, पण दोन पेरांमधले अंतरच कमी असते. ‘सीपी’ हे अशा ठेंगण्या रोपांचे अप्रभावी जनुक (म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेल्या दोन्ही प्रती तशाच असतील तरच गुण दाखवणारे) असून त्यात फुले लहान राहतात आणि तणावे नीट वाढत नाहीत. ब्रासिनोस्टेरॉईड या संप्रेरकाच्या निर्मितीत बिघाड झाल्यानेही अतिशय खुजी रोपे तयार होतात.

आता आपला संकर पाहू. एका वाणात ‘डीई’ची आणि दुसऱ्यात ‘सीपी’ची अप्रभावी जोडी असेल, तर संकरित रोपाला प्रत्येक जनुकाची एक धडधाकट प्रत दुसऱ्या पालकाकडून मिळते, म्हणून वेल लांब होते. दोन्ही पालकांत तेच एक अप्रभावी जनुक असते, तर सारी संतती बुटकीच निघाली असती. येथे एक सावधगिरी हवी : ‘डीई’ची अप्रभाविता प्रत्येक वाणात सारखी नसते. इतर जनुके तिच्यावर परिणाम करतात, त्यामुळे काही संकरांत मधल्या लांबीच्या वेलीही दिसतात.

या रोपांचे स्वपरागित बी पेरल्यास, दोन्ही जनुके स्वतंत्रपणे विभागली जात असतील तर, सरासरी 16 रोपांत 9 लांब, 3 थांबलेल्या शेंड्याची, 3 आखूड पेरांची आणि 1 दोन्ही गुणांचे असे प्रमाण अपेक्षित असते. नुसत्या उंचीवरून मोजल्यास ते 9 लांब आणि 7 आखूड असे दिसेल, म्हणून प्रत्येक रोपाचा शेंडा पाहावा आणि पाचव्या ते दहाव्या पेरापर्यंतचे अंतर मोजावे. सावलीत पेरे लांबतात, त्यामुळे सर्व रोपांना सारखेच ऊन मिळायला हवे.

लांब निघालेल्या 9 पैकी सरासरी एकच रोप पुढे शुद्ध लांब संतती देते. उरलेल्या आठांत अप्रभावी जनुके लपलेली असतात. दोन्ही गुण एकत्र दिसणारे रोप मात्र या दोन गुणांपुरते शुद्धच असते. ते टिकवण्यासाठी फुले उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या रोपाच्या नर आणि मादी कळ्यांची तोंडे दोऱ्याने हलकेच बांधून ठेवावीत, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या कुक्षीवर लावावा आणि ते फूल पुन्हा बांधावे.

बियाण्यांच्या पाकिटांवर दोन्ही प्रकारांना सरसकट ‘झुडुपी’ म्हटले जाते, ते मला अयोग्य वाटते. आणखी एक गोष्ट पुढील निवडीत लक्षात ठेवावी : रोपावर मादी फुलांचे प्रमाण वाढवणारे प्रमुख जनुकही सहाव्या गुणसूत्रावर असून ‘डीई’शी संलग्न आहे, म्हणजे ही दोन्ही बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे थांबलेल्या शेंड्याची रोपे निवडताना फुलांचे स्वरूपही नकळत निवडले जाऊ शकते; दोन्हींची नोंद रोपागणिक वेगवेगळी ठेवावी.