जिभेखाली काही सापडणार नाही, ताई

पत्र थोडक्यात असं: धाकटा भाऊ, वय ३१, आजार स्किझोफ्रेनिया. दोन वर्षं तुरुंगात होता. तिथल्या रुग्णविभागात क्लोझापिन हे औषध सुरू झालं, रोज ३०० मिलिग्रॅमवर तो चांगला सावरला. सुटून सात आठवडे झाले. गेले तीन आठवडे पुन्हा आवाज ऐकू येतात, रात्र रात्र येरझाऱ्या घालतो. ताई लिहितात, ‘गोळ्या मी माझ्या हाताने देते, तोंड उघडायला लावते, जीभ वर करून बघते. तरी कुठेतरी थुंकतच असणार. मामा म्हणतात, नाटकं आहेत, कामाचा कंटाळा. त्याला जबाबदारी कशी समजावू? सिगारेटला तिथे बंदी होती, आता रोज पाकीट संपवतो. मीच आणून देते, बिचाऱ्याला तेवढंच सुख.’

ताई,

तुमच्या चार पानांत सिगारेटवर जेमतेम दोन ओळी आहेत, त्याही दयेपोटी लिहिलेल्या. मामा काय म्हणाले याला दीड पान. मामांना बाजूला ठेवू या. माझं उत्तर त्या दोन ओळींना आहे.

तुमचा भाऊ बहुधा तुम्हाला फसवत नाहीये. गोळी पोटात जातेय, पण रक्तात पुरेशी उरत नाहीये. क्लोझापिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडतं, ते सिगारेटच्या धुराने जोरात कामाला लागतं. हा परिणाम निकोटिनचा नाही, जळत्या तंबाखूच्या धुरातल्या घटकांचा आहे. धूम्रपान सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत औषधाची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे ३०० मिलिग्रॅम हा डोस सिगारेट न ओढणाऱ्या माणसासाठी ठरलेला होता. तो माणूस तुरुंगाच्या दारातून बाहेर आला, पहिली सिगारेट पेटवली आणि तो डोस त्याला अपुरा पडू लागला. सुटकेच्या कागदावर डोसशेजारी ‘धूम्रपान बंद असताना’ एवढे शब्द असायला हवे होते. ते नसतील तर ती चूक तुमच्या भावाची नाही, आणि शिक्षा मात्र तोच भोगतोय.

आता लगेच पाकीट कचऱ्यात टाकायला उठू नका. २० च्या १० केल्या तरी फारसा फरक पडत नाही. या एन्झाइमला पूर्ण वेगात ठेवायला दिवसाला ७ ते १२ सिगारेटी पुरतात. आणि तुमच्या मनाने गोळी वाढवणं तर मुळीच नको. या औषधात डोस एकदम वाढला की रक्तदाब कोसळतो, फिट येऊ शकते.

उद्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. सुटकेचा कागद आणि उरलेल्या पट्ट्या सोबत घ्या, आणि पहिलंच वाक्य हे बोला: ‘डोस ठरला तेव्हा हा ओढत नव्हता, आता रोज २० ओढतो. क्लोझापिनची पातळी तपासायची आहे.’ रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. साधारणपणे मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या खाली पातळी असेल तर औषध अपुरं पडतंय असं धरतात. तुमची शंकाही इथेच मिटेल. जवळपास शून्य आली तर गोळी खरंच पोटात जात नाहीये. कमी, पण बऱ्यापैकी आली तर धूर. मग डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने वाढवतील आणि पुन्हा रक्त बघतील. डोस वाढला की रोज शौचाला होतंय ना, हेही विचारत जा. संकोच करू नका, या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

उरलेल्या पट्ट्या सोबत घ्या म्हटलं त्यालाही कारण आहे. तुरुंगातून सुटताना मोजक्या दिवसांच्या गोळ्या हातात पडतात आणि पुढची चिठ्ठी मिळेपर्यंत खंड पडतो. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं असेल तर थेट ३०० वर परत जाता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. मधे असं काही झालं असेल तर लाजून लपवू नका, सांगा.

आणखी एक गोष्ट आजच वहीत लिहून ठेवा. वाढलेल्या डोसवर असताना त्याची सिगारेट अचानक बंद झाली, मग तो रुग्णालयात दाखल होवो, पुन्हा कोठडीत जावो की स्वतःच सोडून देवो, तर आठवड्याभरात पातळी वर चढते. ग्लानी, तोंडातून लाळ, तोल जाणं, फिट. जो कोणी त्याला दाखल करून घेईल त्याला हे पहिल्या तासात कळलं पाहिजे. निकोटिनचे पॅच लावले तरी हे टळत नाही, कारण पॅचमध्ये धूर नसतो. सिगारेट जरूर सुटावी, पण डॉक्टरांना आधी सांगून, डोस सोबत कमी करत.

आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर मात्र उद्यासुद्धा नाही, आत्ता निघा.

नोकरीचं तीन महिने नाव काढू नका.

‘तोंड उघड, जीभ वर कर’ हे त्याने तिथे रोज ऐकलं असणार. घरी आल्यावर तेच बहिणीकडून ऐकतोय, आणि खरं बोलत असूनही खोटा ठरतोय. आज रात्री गोळी द्या, पाण्याचा पेला द्या, आणि त्याला तोंड उघडायला सांगू नका.