कृष्णेला बर्फ नाही, मग उन्हानं काय बिघडतं?

प्रश्न : तापमान वाढलं, हिमालयातला बर्फ वितळला, नद्या आटणार, असं सारखं ऐकतो. आपली कृष्णा महाबळेश्वरची, तिथं कुठला बर्फ? 2019 ला आणि 2021 ला आमच्या घरात पुराचं पाणी होतं, आणि विहीर मात्र मार्चलाच तळ दाखवते. हे कसं?
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : बर्फाचं तुम्ही नेमकं पकडलंत. गंगेला उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळतं, कृष्णेला तो आधार कधीच नव्हता. आपली शिल्लक दोनच ठिकाणी, धरणात आणि जमिनीच्या पोटात. ऊन दोन्हीकडं हात घालतं.

आधी पूर. हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि सोडते तेव्हा धो धो सोडते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 590 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. दुष्काळी माण तालुक्यात सरासरी अख्ख्या वर्षातही एवढा होत नाही. त्या एका दिवसाचं सगळं खापर मी तापमानावर फोडणार नाही, पण असे दिवस वाढायला ते हातभार लावतं. आणि असलं पाणी मुरत नाही हो. आपल्याखाली काळा पाषाण; पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. त्याला हवी आठवडाभराची रिपरिप. त्यात मधेच ओढ बसते. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

मी पाटबंधारे खात्यात होतो. धरणावर बाष्पीभवन मोजायचं पत्र्याचं गोल पात्र असायचं, वर जाळी, नाहीतर कावळेच पाणी पिऊन आकडा बिघडवायचे. रोज सकाळी पातळी बघायची. ढगाळ दिवस आणि वैशाखातला वाऱ्याचा दिवस, फरक नुसत्या डोळ्यांना कळायचा. समजा, दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडालं. एक चौरस किलोमीटर जलाशयावर त्याचे 50 लाख लिटर होतात! कोयनेचा शिवसागर किती पसरलाय, ते तुम्ही पाहिलं असेलच.

आता राग मानू नका. हवा तापली की ऊसही जास्त पाणी ओढतो, मोटार जास्त वेळ चालते, आणि शेजारच्यानं खोल बोअर मारलं की तुमचा झरा तिकडं वळू शकतो. सगळं ऊनच करतं असं नाही. पाचट जाळत असाल तर आधी ते थांबवा. सरीत पसरा, ओल टिकते.

आणि दर अमावास्येला दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी वहीत लिहा. विहीर किती फूट, आसपास बोअर किती, हे तुम्ही लिहिलंच नाही. कळवा, मग पुढच्या अंकात बोलू.