साहित्यातला 'परका' म्हणजे नक्की कोण? काम्यूचा नायक तर परदेशी नाहीच!

तुमची अडचण रास्त आहे. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची 'परका' अशा नावाची कादंबरी उघडावी तर नायक मर्सो अल्जिअर्समध्येच (तेव्हा फ्रेंच सत्तेखाली असलेल्या अल्जीरियात) नोकरी करणारा, तिथलाच निघतो. मग परका कोण आणि कशाने, असं तुम्ही विचारलंय.

थोडा घोळ शब्दाचा आहे. काम्यूने वापरलेल्या फ्रेंच शब्दात परदेशी, अनोळखी, परका असे सगळे अर्थ एकत्र नांदतात. आपल्याकडे त्यांच्या चुली वेगळ्या. पाहुणा जाणार हे ठरलेलं असतं, म्हणून त्याला पुरणपोळी. परदेशी लांबून आलेला. (तरी 'परदेशी' आडनावाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातच आहेत, ते सोडा.) आणि उपरा म्हणजे राहायला आलेला, पण ज्याचं राहणं अजून कुणी मान्य केलेलं नाही.

साहित्याला खरं वेड या तिसऱ्याचं. गेओर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये परक्यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की भटक्या आज येतो नि उद्या जातो. परका मात्र आज येतो आणि उद्याही राहतो. तो जवळ असतो आणि लांबही, दोन्ही एकाच वेळी. म्हणून तर इटलीतली काही शहरं न्यायाधीश बाहेरून आणत. गावातला म्हटला की कुठल्या ना कुठल्या घराण्याच्या बाजूचा असायचाच. झिमेल आणखी एक सांगतो: माणसं सख्ख्यांपासून लपवलेलं परक्याला सांगून मोकळी होतात.

हे मी वाचलं तेव्हा मला आमची नायनम्मा, म्हणजे वडिलांची आई, आठवली. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्यांपैकी. नायनम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. गल्लीतल्या मराठी बायका दुपारी तिच्यापाशी येऊन बसायच्या आणि सासूची, नवऱ्याची, गहाण पडलेल्या पाटल्यांची सगळी गाऱ्हाणी ओतायच्या. तिचं मराठी मोडकं होतं, पण ती कुणाच्या भावकीत नव्हती. गोष्ट फुटणार कुठून? त्याच बायका हळदीकुंकवाला मात्र तिला हटकून शेवटी बोलवायच्या.

मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर सोलापुरी मराठीत "काय करलालास बे?" म्हणून बसलो. लगेच समोरून प्रश्न, "तू कर्नाटकचा का रे?" घरात तेलुगु, शाळा मराठी, आणि शिक्का कानडी! एका अर्थी बरोबरच होतं म्हणा. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अख्खं सोलापूर नंदीध्वजामागे चालतं, त्यांची वचनंच मुळी कन्नडमध्ये आहेत.

आता मर्सो. समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाचा खून त्याने केलाय, पण खटल्यात जास्त चर्चा होते ती आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही याची. रीत पाळली नाही म्हणून तो आपल्यातच परका ठरतो. इथपर्यंत सगळेच सांगतात. मला मात्र खरा परका त्या किनाऱ्यावर मेलेला अरब वाटतो. मर्सोइतकीच त्याचीही ती भूमी, आणि अख्ख्या कादंबरीत त्याला नाव नाही.

ती कादंबरी १९४२ ची. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले, वय अवघं ३२. ते परदेशी होते, पण परके राहिले नाहीत. तिथे त्यांना के दिहुआ हे नाव मिळालं, तिथेच लग्न झालं, आणि मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि याच सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. तिथे 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या माणसांना इंग्रज सरकारने तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. इथलीच माणसं, जन्मतः संशयित. तो कायदा १९५२ मध्ये गेला, वस्तीचं नाव तेवढं राहिलं.

म्हणून काम्यू थोडा बाजूला ठेवा आणि आधी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) हे आत्मकथन वाचा. मग काम्यूकडे परत या आणि तो अरब कुठल्या पानावर पहिल्यांदा येतो, तिथे पेन्सिलीने खूण करा.