थर्मोपिली कोण? कोणी नाही!

प्रश्न असा आलाय की "बाजीप्रभू म्हणजे महाराष्ट्राचे थर्मोपिली" असं एका भाषणात ऐकलं, तर हे थर्मोपिली कोण आणि उच्चार पिली की पायली. अहो, कोण नाही, कुठे असं विचारा! दर जुलैत कुणीतरी माईकवर हे ठोकतंच. थर्मोपिली ही ग्रीसमधली खिंड, माणूस होता लिओनिडास, स्पार्टाचा राजा, इसपू ४८० मध्ये झर्क्सिसच्या अफाट इराणी फौजेला तीन दिवस अडवून तिथेच पडला. म्हणायचंच तर पावनखिंडीला म्हणा, बाजीप्रभूंना कशाला खिंड करताय. (आणि त्याच्यासोबत फक्त ३०० स्पार्टनच होते असं सांगतात, तेही अर्धवट, सुरुवातीला सगळे ग्रीक मिळून ७००० च्या आसपास होते, शेवटच्या दिवशी थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक नगराचे ७०० जणही मागे थांबले, त्यांचं नाव कुणी घेत नाही.)

असो, शब्दाकडे येऊ. थर्मोस म्हणजे गरम, पिली म्हणजे दरवाजे, कारण तिथे गंधकाचे गरम झरे आहेत, अजूनही वाहतात. आता मजा बघा. ग्रीक थर्मोस, संस्कृत घर्म आणि फारसी गर्म हे तिघं सख्खे भाऊ. घर्माचा मराठीत घाम झाला, गर्म फारसीतून येऊन गरम झाला, म्हणजे खिंडीत समोरासमोर उभ्या दोन्ही फौजांकडे मुळात एकच शब्द होता आणि आपण आज त्यातले दोन्हीकडचे वापरतो, थर्मास भरताना आणि चहा गरम करताना! झर्क्सिसच्या बापाच्या, दारियसच्या, इराणमधल्या बेहिस्तून शिलालेखात 'गर्मपद' नावाचा महिनासुद्धा आहे. तेव्हा 'गरम हा घर्मचा अपभ्रंश' असं ठणकावणाऱ्या पंडितांनी जरा दमानं घ्यावं, भावाला मुलगा करू नये. पिली म्हणजे गुजरातीतली पोळ (वेशीचा दरवाजा) हेही सोडा, पोळ आली संस्कृत प्रतोलीवरून.

अजून एक, ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की तिथल्या गरम डोहांना स्थानिक लोक 'मडकी' म्हणायचे. आणि ऋग्वेदात घर्म म्हणजे दूध तापवायचं भांडंही! योगायोग म्हणा हवं तर, मला नाही वाटत.

माझं ऐकाल तर याचं मराठी करावं 'उन्हाळ्याची वेस'. हसू नका, कोकणात गरम झऱ्याला उन्हाळंच म्हणतात, राजापूरजवळचं उन्हाळे गाव त्यावरूनच, दापोलीकडचं उन्हवरेही तसलंच. खिंड हा शब्द तर मूळ नावात नाहीच, तिथले लोक नुसतं 'पिलाय' म्हणायचे, म्हणजे वेशी. आपण गावात "वेशीवर भेटू" म्हणतो ना, तसं.

हां, उच्चार. आजचे ग्रीक थेर्मोपिलेस म्हणतात, तुम्ही पिली म्हणा. पायली धान्य मोजायला ठेवा.