दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत खिचडी मिळते का?

हो, मिळायलाच हवी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्येच सांगितलंय की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यायचं. 2023 च्या दुष्काळी यादीत आपल्या खानदेशातले शिंदखेडा, चाळीसगाव, नंदुरबार हे तालुके होते. लाभ पहिली ते आठवीला. पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम धान्य, पुढे 150.

आता खरं सांगतो. आमच्या गावात तांदूळ आला होता, चूलही पेटली, पण पोरं पन्नासातली पंधरा. सकाळी दहा वाजताच अंग भाजणारं ऊन, त्यात अर्ध्यांचे मायबाप सुरतेकडे कामाला, पोरं आजीकडे. आलेली पोरं मात्र ताटली घासून पुसून खायची. एक जण निम्मी खिचडी डब्यात भरून धाकट्या बहिणीला न्यायचा. मावशी त्याला मुकाट्याने एक पळी जास्त वाढायच्या. (नियमात बसत नसेल, बसू दे.)

तुमच्याकडे बंद असेल तर आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. तिथे टोलवाटोलवी झाली तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वेळ मात्र सकाळी सात-आठचीच मागा.