हळदीचा ब्रँड सुरू करताय? आधी एवढंच करा

ताई, विक्रीचं प्रशिक्षण सुरू झालं म्हणून वेबसाइट, रील, जाहिराती सगळं एकदम अंगावर घेऊ नका. आधी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये पाव किलो आणि एक किलो, दोनच पाकिटं टाका, भावासकट. भाव लपवला की गिऱ्हाईक विचारत बसत नाही, पुढं जातं.

फोटो ओसरीत, सकाळच्या उजेडात काढा. हळकुंड मोडून आतला गर्द केशरी रंग दिसू द्या. दुसऱ्याचा फोटो उचलू नका, एकदा विश्वास गेला की संपलं.

नवीन मंडळी इथं हमखास चुकतात:
- दर हंगामात नाव आणि लेबल बदलतात.
- पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १४ अंकी परवाना/नोंदणी नंबर नसतो.
- ब्रॉडकास्ट (व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांना जाणारा मेसेज) पाठवून वाट बघतात. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून पाकीट देतानाच सेव्ह करून घ्या.

वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला जीआय मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) आहे. तुमचा माल खरंच तिथला असेल आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल, तरच ते छापा.

पैसे देऊन जाहिरातीचं दिवाळीनंतर बघू. तोवर कोणतं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं, ते वहीत लिहा.